शेवाळाच्या तेलाचं बायोडिझेल: दर वेळी साबणच का होतो?

लक्षणं सगळीकडे सारखीच. मिथेनॉलमध्ये कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) विरघळवून तेलात ओतलं, ६० अंश सेल्सिअसला तासभर ढवळलं, सेपरेटिंग फनेलमध्ये रात्रभर ठेवलं. सकाळी खाली ग्लिसरीन आणि वर बायोडिझेल दिसायला हवं, पण अख्खा फनेल हिरवट-तपकिरी, दह्यासारख्या लगद्याने भरलेला. धुवायला पाणी घालावं तर नुसता फेस. कॉस्टिक कमी पडलं असेल म्हणून पुढच्या वेळी जास्त घातलं, तर लगदा आणखी घट्ट.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय दर वर्षी कुठला ना कुठला गट घेतोच. त्यामुळे हा प्रश्नही दर वर्षी येतो, आणि बहुधा सबमिशन तोंडावर आल्यावरच येतो.

तेलाच्या वजनाच्या १ टक्का कॉस्टिक आणि तेलाच्या एका मोलमागे ६ मोल मिथेनॉल ही कृती रिफाइंड सोयाबीन किंवा सूर्यफूल तेलावर बसवलेली आहे. दुकानातल्या पिशवीतलं तेल येतं तेच मुळी आम्लं, डिंक, रंग आणि पाणी काढून. शेवाळातून हेक्झेनने किंवा क्लोरोफॉर्मने ओढलेला हिरवा अर्क यातल्या कशातूनच गेलेला नसतो. बिघाड फ्लास्कमध्ये दिसतो, पण तो बहुतेक वेळा फ्लास्कच्या आधीच होऊन गेलेला असतो. म्हणून तापमान, ढवळण्याचा वेग, वेळ यांत फेरफार करत बसून काही हाती लागत नाही.

तो साबणच आहे ना?

काही तक्रारी साबणाच्या नसतातच. १० ग्रॅम तेलातून ग्लिसरीन निघतं साधारण १ ग्रॅम, म्हणजे एक मिलिलिटरसुद्धा नाही. २५० मिलीच्या फनेलमध्ये ते काचेला आणि कॉकच्या भोकातच चिकटून बसतं. थर दिसला नाही म्हणजे रिॲक्शन झाली नाही, असं नाही. एवढ्या कमी तेलावर काम असेल तर फनेल बाजूला ठेवा आणि सेंट्रिफ्यूजची निमुळती ट्यूब घ्या. तळाशी गडद ठिपका जमला की ग्लिसरीन वेगळं झालं.

दुसरी गोष्ट, शेवाळ कुठलं घेतलंय? स्पिरुलिना पावडर सहज विकत मिळते म्हणून अनेक जण तीच आणतात. तिच्यात प्रथिनं ५५ ते ७० टक्के आणि मेद ५ ते ८ टक्क्यांच्या आसपास, त्यातलाही बराचसा पेशींच्या पटलांचा. तिच्यातून बायोडिझेल काढायला जाणं म्हणजे हट्ट आहे. विहिरीवरचं किंवा तळ्यातलं तंतुमय हिरवं शेवाळ आणलं तरी निराशाच पदरी पडते. बोट्रायोकॉकस ब्राऊनी हे नाव वाचून कुणी त्याच्या मागे लागतं. त्यात तेल भरपूर असतं, पण ते मुख्यतः हायड्रोकार्बन असतं. मिथेनॉल तेलातला एस्टरचा बंध, म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्लं जोडणारा दुवा, तोडून बायोडिझेल करतं. इथे तो बंधच नाही, मग मिथेनॉल करणार काय? क्लोरेला, सिनेडेस्मस, नॅनोक्लोरॉप्सिस यांपैकी काहीतरी घ्या, आणि शक्यतो पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएमसारख्या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून, म्हणजे अहवालात स्ट्रेनचा क्रमांक तरी लिहिता येईल.

हे सगळं ठीक असूनही लगदा होत असेल, तर पुढे वाचा.

कॉस्टिक जातं कुठे

तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड: ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्लं. ती जोडलेली असतात तोवर कॉस्टिक फक्त उत्प्रेरकाचं काम करतं, स्वतः खर्च होत नाही. पण काही मेदाम्लं आधीच सुटी झालेली असतील, म्हणजे लॅबच्या भाषेत एफएफए असतील, तर कॉस्टिक आधी त्यांच्यावर जातं. त्यातून साबण आणि पाणी तयार होतं. ते पाणी पुढे चांगलं तेलही फोडायला मदत करतं, आणि साबण ग्लिसरीन-बायोडिझेल वेगळं होऊ देत नाही.

आकडे घालून बघा. १० ग्रॅम तेल आहे आणि त्यात १० टक्के एफएफए आहे, म्हणजे १ ग्रॅम. ते ओलेइक आम्ल धरलं तर त्याचा रेणुभार २८२, सोडियम हायड्रॉक्साइडचा ४०. एवढ्या आम्लाला पुरायला ०.१४ ग्रॅम कॉस्टिक लागतं. तुम्ही घातलंय १ टक्का, म्हणजे ०.१ ग्रॅम. सगळंच्या सगळं साबणात गेलं, वर आम्ल उरलंच, आणि मूळ रिॲक्शनसाठी उत्प्रेरक शिल्लकच नाही. कॉस्टिक वाढवल्यावर रिॲक्शन थोडी होतेही, पण साबण इतका साठतो की हाताशी काही लागत नाही. एफएफए १ टक्क्याच्या खाली असेल तरच थेट कॉस्टिकची वाट धरावी. नीट न सांभाळलेल्या शेवाळाच्या अर्कात ते याच्या कितीतरी पट असू शकतं.

त्यामुळे पहिलं काम ॲसिड व्हॅल्यू काढणं, म्हणजे एक ग्रॅम तेलातलं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं ते मोजणं. आणि बहुतेक गट इथेच अडकतात.

हिरव्या तेलाचं टायट्रेशन

नेहमीची पद्धत म्हणजे तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घालायचे आणि फिकट गुलाबी रंग येईपर्यंत अल्कली सोडायची. आता गर्द हिरव्या द्रावणात फिकट गुलाबी दिसणार कसा? दिसत नाहीच. मग कुणी पाच मिलीला थांबतं, कुणी बाराला, आणि तिघांचे तीन आकडे येतात. त्यांची सरासरी काढून पुढे जाणारेही असतात. त्या सरासरीला काही अर्थ नाही. हळदीचा अर्क इंडिकेटर म्हणून घरगुती बायोडिझेलवाल्यांत चालतो, पण तो या तेलाला तर मुळीच चालणार नाही.

इथे पीएच मीटर लावावा. ०.५ ग्रॅम तेल अचूक तोला, टोल्युइन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ५० मिली मिश्रणात विरघळवा, आणि ०.०२ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड अर्ध्या-अर्ध्या मिलीने सोडत प्रत्येक वेळचा आकडा लिहा. पाणी नसलेल्या द्रावणात मीटरचा आकडा खरा पीएच नसतो आणि तो डोलतो, म्हणून ठराविक आकड्याची वाट बघू नका. आलेख काढा आणि सर्वांत मोठी उडी कुठे आहे ते शोधा. दोन नमुन्यांच्या मध्ये इलेक्ट्रोड अल्कोहोलने धुऊन थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर तो सुस्तावतो. तेल न घालता एक ब्लँक घ्यायलाच हवा, कारण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्येही किंचित आम्ल असतं.

ब्लँक वजा करून ८.९ मिली लागले, असं समजा. ८.९ गुणिले ०.०२ गुणिले ५६.१, भागिले ०.५: ॲसिड व्हॅल्यू जवळपास २०. तिला २ ने भागलं की ओलेइक आम्लाच्या हिशेबात एफएफएची टक्केवारी मिळते, म्हणजे १०. वरचं उदाहरण हेच.

मीटर नसेल तर तेल कमी घ्या आणि द्रावक भरपूर, म्हणजे रंग विरळ होईल. शेजारी तशाच हिरव्या द्रावणाचा, इंडिकेटर न घातलेला फ्लास्क ठेवा आणि दोन्हींची तुलना करत बदल टिपा. हे जुगाड आहे, पण डोळे मिटून टाकलेल्या आकड्यापेक्षा बरं.

एफएफए जास्त निघालं, आता?

आधी आम्लाने उपचार, मग कॉस्टिक. सल्फ्युरिक आम्लाच्या साथीने मिथेनॉल सुट्या मेदाम्लांचंच एस्टर बनवतं, म्हणजे जे साबणात जाणार होतं तेही बायोडिझेल होतं. चालू प्रमाण असं: प्रत्येक ग्रॅम एफएफएमागे २.२५ ग्रॅम मिथेनॉल आणि ०.०५ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल. २० ग्रॅम तेलात १० टक्के एफएफए असेल तर ४.५ ग्रॅम मिथेनॉल आणि ०.१ ग्रॅम आम्ल. एवढं आम्ल म्हणजे पिपेटचा जेमतेम एक-दोन थेंब, ते मोजणं अशक्य. त्यापेक्षा १०० मिली मिथेनॉल बर्फात ठेवून त्यात ०.९५ मिली संहत आम्ल हळूहळू सोडा आणि हा साठा वजनाने वापरा. आम्ल मिथेनॉलमध्ये घालायचं, उलट नाही.

६० अंशांना तासभर ढवळा आणि ठेवून द्या. मिथेनॉल, पाणी आणि बरंचसं आम्ल वर येतं, ते काढून टाका. या वेळी तेलाचा रंग हिरव्याचा शेवाळी-तपकिरी होतो. घाबरू नका, आम्लाने क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं म्हणून तसं होतं. पुन्हा ॲसिड व्हॅल्यू काढा. २ च्या खाली आली की कॉस्टिककडे वळा. एका जागी अडकली असेल तर दोष बहुधा पाण्याचा. या रिॲक्शनमध्ये पाणी तयार होतंच, आणि ते साठलं की ती पुढे सरकत नाही. वरचा थर काढून, तेल सुकवून, ताज्या मिश्रणाने आणखी एक फेरी घ्या. नव्याने आम्ल वाढवून तिथल्या तिथे भागत नाही.

मग कॉस्टिकचा हिशेब: मूळ उत्प्रेरक, अधिक उरलेल्या आम्लतेपुरतं. दुसऱ्या टायट्रेशनमध्ये उरलेलं सल्फ्युरिक आम्लही मोजलं जातं, म्हणून तोच आकडा धरा.

कॉस्टिकची बाटली कधी उघडली होती, तेही विचारा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या तोलता तोलता ओल्या होतात, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्यांचं कार्बोनेट होत राहतं. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरत असाल तर ते सोडियमच्या १.४ पट लागतं, शिवाय त्याच्या गोळ्यांची शुद्धता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. लेबल वाचून तेवढी भर घाला. मात्र ते वापरावं असं मी सुचवेन, कारण त्याचा साबण मऊ असतो आणि फसलंच तरी फनेल मोकळा करता येतो.

आम्लता येते कुठून

शेवाळात लायपेज विकरं असतात. जिवंत पेशीत ती काबूत असतात. कापणी करून सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या ओल्या पेस्टमध्ये पेशी जखमी होतात, आणि ही विकरं तेल फोडायला लागतात. शुक्रवारी पेस्ट काढली, टेबलावर झाकून ठेवली, सोमवारी सुकवली, तर त्या तीन दिवसांत तुमच्या तेलाची मेदाम्लं झालेली असतात. फ्रीझरमध्ये ठेवून मग वितळत ठेवणं तर त्याहून वाईट. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळताना विकरं पुन्हा कामाला लागतात.

कापणीनंतर लगेच पातळ थरात पसरून ओव्हनमध्ये सुकवा. ते त्या दिवशी जमणार नसेल तर पेस्टला काही मिनिटं उकळत्या पाण्याची वाफ द्या, म्हणजे विकरं मरतील, आणि मगच गोठवा. उन्हात वाळवणं स्वस्त आहे, पण ढगाळ हवेत दिवसभर ओलसर राहिलेली पेस्ट वरच्याच मार्गाने जाते. पूर्ण वाळलेल्या पावडरीतून काढलेलं तेल पाण्याच्या तक्रारीतूनही सुटतं. तेलात पाणी आहे का, हे गरम प्लेटवर थेंब टाकून कळतं, तडतडलं तर आहे. नॅनोक्लोरॉप्सिससारख्या शेवाळाचं तेल मात्र ११० अंशांवर बराच वेळ तापवू नका. त्यातली बहु-असंतृप्त मेदाम्लं खराब होतात, निर्वात पंपाखाली कमी तापमानात सुकवलेलं बरं.

कापणी कधी केली यालाही महत्त्व आहे. जोमात वाढणाऱ्या पेशींमध्ये मेद असतो तो पटलांचा: फॉस्फोलिपिड, ग्लायकोलिपिड. साठ्याचं तेल, म्हणजे ट्रायग्लिसराइड, नायट्रोजन संपल्यावर वाढतं आणि कल्चर हिरव्याचं पिवळसर होऊ लागतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात ॲक्वॅटिक स्पीशीज प्रोग्राम चालवला. त्यात दिसलं की उपाशी ठेवलेल्या पेशीत तेल वाढतं, पण वाढच मंदावल्यामुळे एकूण उत्पादन वाढत नाही. व्यापारी तळ्यासाठी ही वाईट बातमी. तुमच्या फ्लास्कसाठी मात्र चांगली, कारण तुम्हाला तेल किती यापेक्षा स्वच्छ किती हे जास्त महत्त्वाचं आहे. काही दिवस नायट्रेट बंद करून मग कापणी करा, क्लोरोफिलही कमी येईल.

एफएफए कमी असूनही थर सुटत नाही

मग दोष डिंकाचा, म्हणजे मुख्यतः फॉस्फोलिपिडांचा. फॉस्फोलिपिड स्वतःच पायसीकारक असतात, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवतात, लेसिथिन चॉकलेटमध्ये घालतात ते याच गुणासाठी. ब्लाय आणि डायर यांच्या १९५९ च्या क्लोरोफॉर्म-मिथेनॉल पद्धतीने अर्क काढला असेल तर पटलांतलं सगळं ओढलं गेलंय. ती पद्धत मेद मोजण्यासाठी उत्तम आहे, बायोडिझेलचा कच्चा माल मिळवण्यासाठी नाही. तिने आलेलं ३० टक्के लिपिड हे ३० टक्के तेल नव्हे. त्यात क्लोरोफिलचंही वजन आहे.

असा अर्क सुकवून हेक्झेनमध्ये पुन्हा विरघळवा, न विरघळलेला गाळ सोडून द्या. आणखी नेटकं हवं असेल तर थोड्या हेक्झेनमधल्या अर्कात भरपूर थंडगार ॲसिटोन घाला. फॉस्फोलिपिड ॲसिटोनमध्ये विरघळत नाहीत, ते तळाशी बसतात. तेल जास्त असेल तर तेलगिरणीतलं डीगमिंग करा: ०.१ ते ०.२ टक्के फॉस्फोरिक आम्ल, मग २-३ टक्के गरम पाणी, ६०-७० अंशांना अर्धा तास, नंतर सेंट्रिफ्यूज. डिंकाबरोबर थोडं तेल जातं, ते सोडा. रंगासाठी ब्लीचिंग अर्थ, म्हणजे रंग शोषून घेणारी माती, वापरता येते. ती फक्त दिसण्यासाठी नाही, क्लोरोफिल उजेडात तेल लवकर खवट करतं.

फनेलमध्ये आत्ता असलेला लगदा

मिथेनॉल आधी उडवून लावा, फ्यूम हूडमध्ये आणि पाण्याच्या बाथवर, ज्योतीवर नाही. मिथेनॉलची ज्वाला दिवसा दिसत नाही आणि त्याची वाफ विषारी आहे. मग लगदा ५५-६० अंशांवर ठेवून संपृक्त मिठाचं पाणी घाला. हलकं पायस असेल तर एवढ्याने फुटतं. जोरात हलवू नका, फनेल फक्त उलटा-सुलटा करा.

त्यानेही फुटलं नाही, तर विरल आम्ल घालून पीएच २ पर्यंत उतरवा. थर लगेच सुटतात आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण झालंय काय? साबणाची पुन्हा मेदाम्लं होऊन ती वरच्या थरात गेलीत. आयएस १५६०७ या भारतीय मानकात बायोडिझेलची ॲसिड व्हॅल्यू ०.५० च्या वर चालत नाही, आणि तुमची बहुधा त्याच्या अनेक पट असेल. वरचा थर धुऊन, सुकवून त्याला जास्त एफएफएचं तेल समजा आणि आम्लाच्या उपचाराला पाठवा. माल वाया जात नाही, पण त्याला आत्ताच बायोडिझेल म्हणू नका.

रिॲक्शन पूर्ण झाली का, हे बघायला ३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये घालण्याची सोपी चाचणी आहे. एस्टर विरघळतं, न बदललेलं तेल तळाशी बसतं. ती २०-२२ अंशांना करायची असते. एप्रिलमध्ये ३५ अंशांच्या लॅबमध्ये केली तर उरलेलं तेलही विरघळतं आणि सगळे खुशीत उत्तीर्ण होतात. मिथेनॉल आणि नमुना दोन्ही आधी थंड पाण्यात ठेवा.

तेलच पाच-दहा ग्रॅम असेल तर

हौदातल्या कल्चरमध्ये कोरडं शेवाळ लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतं. त्यात २० टक्के तेल धरलं, तर २० ग्रॅम तेलासाठी २०० लिटर कल्चर. पाच लिटरच्या बरणीतून अर्धा ग्रॅम. एवढ्या मोलाच्या मालावर हात बसवू नका. सूर्यफूल तेलात १० टक्के ओलेइक आम्ल आणि थोडं सोया लेसिथिन मिसळा, आणि सगळी कृती आधी त्याच्यावर करून बघा. बिघाड हुबेहूब तसाच होतो, आणि दुरुस्तीही तिथेच शिकता येते.

बरणीवर काम करणाऱ्या गटांनी तर, माझ्या मते, कॉस्टिकच्या वाटेला जाऊच नये. तेल वेगळं न काढता कोरड्या पावडरीवरच आम्लयुक्त मिथेनॉल घालून एस्टर बनवता येतं. काही मिलिग्रॅम पावडर, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणाची छोटी ट्यूब, ८५ अंशांच्या ड्राय बाथमध्ये तासभर. हे तापमान मिथेनॉलच्या ६४.७ अंश उत्कलनबिंदूच्या वर आहे, म्हणून ट्यूब छोटीच हवी, झाकण घट्ट हवं, आणि मोठ्या फ्लास्कवर हा प्रयोग करायचा नाही. गार झाल्यावर हेक्झेन घालून वरचा थर गॅस क्रोमॅटोग्राफला द्या, इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठराविक प्रमाणात घातलेला पदार्थ) म्हणून मिथाइल ट्रायडेकॅनोएट चालतं. अल्कलीच नाही म्हणून साबण नाही. अहवालात मात्र आलेला आकडा पावडरीतली एकूण मेदाम्लं म्हणून लिहा, तेलाचा उतारा म्हणून नाही. पटलांतली मेदाम्लंही त्यात मोजली गेलेली असतात, आणि व्हायवामध्ये परीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतात.